ठाण्याच्या वतीने एक अर्ज

दोन शहरांची तुलना दोन्ही शहरांत राहिलेल्या माणसानेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या गिरगावात भायखळ्याच्या पलीकडे लग्नमुंजीखेरीज कधी न गेलेले पुष्कळ गृहस्थ आहेत, आणि ठाण्याच्या हवापाण्याविषयी निकाल देण्यात तेच सर्वांत पुढे असतात. माझी गोष्ट निराळी आहे. मुंबईत मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून राहात आलो. आणि अलीकडे, तानसाचे नवे पाणी शहरात आल्यानंतरच्या सालांत, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक अखंड वर्ष माझे बिऱ्हाड दोन्ही शहरांत होते. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे धरून मी लेखणी उचलली आहे.

मी व्यवसायाने अर्जनवीस. कोर्टाच्या फाटकाबाहेर पिंपळाखाली माझी बैठक आहे. पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, दौत, चार बोरू आणि शाई टिपायला बारीक वाळूची डबी. ज्यांना लिहिता येत नाही ती माणसे येतात, तोंडाने आपली हकीगत सांगतात, आणि मी ती कायद्याला समजेल अशा भाषेत कागदावर उतरवून देतो. माझे शिक्षण मराठी पाच इयत्तांपर्यंत झाले आणि इंग्रजीचे दुसरे पुस्तक अर्धे राहिले. परंतु माझ्या हातचा कागद आत गेला की तो कोणी लिहिला हे पहिल्या ओळीवरूनच ओळखतात, असे आतले पट्टेवाले मला सांगतात. हे मी आढ्यतेने सांगत नाही. पुढील हकीगतीस ते आवश्यक आहे, म्हणून नमूद करतो.

आमची खोली फणसवाडीतल्या एका चाळीत तळमजल्यावर होती. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली; घरात मी आणि माझे कुटुंब, अशी दोनच माणसे. खोलीस एक खिडकी, आणि ती शेजारच्या भिंतीकडे पाहणारी. चाळीतल्या चुलींचा धूर आधी आमच्याकडे येऊन मग बाहेर जात असे. माझ्या कुटुंबास श्वासाचा विकार जडला. थंडीच्या दिवसांत ती रात्रीच्या रात्री भिंतीस टेकून बसून काढू लागली. वैद्यांनी दोन वर्षे काढे देऊन पाहिले आणि अखेर नाडीवरचा हात काढून घेत ते म्हणाले, "हिचं औषध माझ्या बटव्यात नाही. वर्षभर मोकळी हवा द्या. ठाणं काय, जवळच आहे."

अशा रीतीने ठाण्यात तळ्याच्या काठी दोन खोल्या आणि एक ओसरी मी वर्षाच्या कराराने घेतली. घराचे मालक कचेरीतून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार असून ते व त्यांची मंडळी मागल्या भागात राहात, त्यामुळे सोबतीचा प्रश्न नव्हता. माझी बैठक सोडणे मात्र शक्य नव्हते. सोमवार ते शनिवार मी फणसवाडीत राही, खाणावळीत जेवी, आणि शनिवारी दुपारच्या गाडीने ठाण्यास जाई.

प्रथम मुंबईविषयी. संध्याकाळी कोर्ट सुटले की मी पेटी समोरच्या वाण्याकडे ठेवून धोबीतलावावरून समुद्राकडे निघत असे. त्या वेळी दिवे लावणारा माणूस खांद्यावर शिडी घेऊन रस्त्याने चाललेला असे. एक दिवा लागे, मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. आणि मला वाटे, कोणीतरी हे शहर थोडे थोडे करून आठवत आहे. ट्रामच्या घोड्यांची टापटाप मागे राही. चौपाटीवर ओली वाळू काही वेळ आकाशापेक्षाही उजळ दिसे, आणि मावळत्या उजेडात दूरची गलबते हलत आहेत की थांबली आहेत हे कळत नसे. वाटेत निदान दहा माणसे मला नमस्कार करीत. कोणाचे भाडेकरूचे प्रकरण मी लिहिलेले, कोणाचे वारसाचे. पहाटे परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत, पण ते इतक्या लांबून येत की कानापर्यंत पोहोचेतो त्यांचे स्वप्न झालेले असे. इतक्या माणसांच्या श्वासोच्छ्वासात आपला एक श्वास मिसळला आहे, या भावनेत जे सुख आहे ते लहान गावात राहणारास समजावून सांगता येणार नाही.

आता ठाणे. ठाण्यात पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणतात, आणि ते खरे आहे. तेथे मनुष्य पाहात नाही, नुसता असतो. सकाळी तळ्यावर धुके असे. त्यातून आधी घाटाच्या पायऱ्या दिसू लागत, मग कमळाची पाने, मग पानांवर चालणारे एखादे पाखरू, आणि पारसिकचा डोंगर सर्वांत शेवटी, अनिच्छेने. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ आणि भाताचा पेंढा यांचा मिळून एक वास असे. किल्ल्यात तुरुंग आहे. तेथील तासाचे ठोके पडले की ते तळ्यावरून येत आणि पाण्याने ओले झाल्यासारखे वाटत. दुपारी इतकी शांतता असे की शेजारी कोणी तांदूळ पाखडू लागले, तर पाऊस आला असे वाटून मी एकदा वाळत टाकलेले उपरणे काढायला गेलो होतो.

या दोहोंच्या मध्ये शनिवारची गाडी. डब्यात तीनचार उतारू, एखादी भाजीची रिकामी टोपली, आणि भांडुपच्या सुमारास दोन्ही अंगांना मिठागरे. त्या उथळ पाण्यात सगळे आकाश उतरलेले असे आणि गाडी ढगांवरून चालली आहे असा भास होई. तेवढा वेळ मी कोणत्याच शहराचा रहिवासी नसे. डोळे मिटले की मागच्या शहराचा गलका आणि पुढच्याची शांतता एकमेकांत मिसळत, आणि पुष्कळदा ठाणे आले हे मला हवेवरूनच कळे.

स्टेशनावरून मी तळ्याच्या काठाने चालत घरी जाई. वळण घेऊन घराशी आलो की कुटुंब हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात येई. गाडी वेळेवर येवो अथवा अर्धा तास उशिरा येवो, मी ओसरीची पायरी चढायला आणि तिने दार उघडायला एकच गाठ पडे. मी याचे श्रेय माझ्या नियमितपणास देत असे. उशीर झाला असताही ते कसे घडते याचा विचार मी केला नव्हता.

चारपाच महिन्यांत तिचा श्वास मोकळा झाला. ती आडवी निजू लागली. दिवाळीत तिने चकल्यांचा घाणा एकटीने काढला आणि एकदाही मध्ये थांबली नाही. हे पाहून मला आनंद झाला, पण त्याबरोबर असाही विचार आला की आता परत मुंबईस यावयास हरकत नाही. रोग बरा झाला की औषध बंद करावयाचे असते.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सरकारी कचेरीतले एक कारकून राहतात. ते सोमवारी सकाळी जिन्यापाशी मला गाठीत.

"काय, आलात सुटून?"

"सुटून कसला? कुटुंबाला भेटून आलो."

"तेच ते. ठाण्याला माणूस दोनच कारणांनी जातो. एक बदली, नाही तर दुसरी शिक्षा. तुमची तर बदली होण्यासारखी नोकरी नाही."

यावर वरच्या गॅलरीतून बायकांचे हसणे ऐकू येई. मी किल्ली काढून खोलीचे कुलूप उघडीत असे. परंतु खोलीत आलो की ती एका खिडकीची खोली मला अशी वाटे, जणू तीत कोणी दुसराच मनुष्य राहतो आणि मी त्याची वाट पाहात बसलो आहे.

पौषात एक कोळीण माझ्याकडे अर्ज लिहवून घ्यावयास आली. ही हकीगत येथे विषयांतर वाटेल, पण ती नाही. वरळीच्या किनाऱ्यावर तिचे घर. घरासमोरच्या मोकळ्या जागेत ती बोंबील वाळवी. तेथे कोणा व्यापाऱ्याने वखारीची भिंत घालावयास घेतली होती. बाई दीड तास बोलली. तिच्या बोलण्यात नवरा, दर्या, जाऊबाई आणि होळीचा सण असे सर्व काही आले. मी त्यातून कामाचे तेवढे वेचले: वहिवाट किती वर्षांची, जागा किती, नुकसान कशाचे. आमच्या धंद्यात असा नियम आहे, की अर्ज पुरा झाल्यावर अर्जदारास अक्षर न अक्षर वाचून दाखवावा. त्याने "समजला, कबूल" म्हटल्यावर बोरू त्याच्यापुढे धरावा. त्याने बोरूस हात लावावयाचा, आणि मग त्याच्या नावापुढे आम्ही निशाणी काढावयाची. कुणब्याची नांगर, बाईची बांगडी. बांगडी म्हणजे एक लहानसे वर्तुळ.

मी वाचून दाखविले. कोळीण मान हलवीत ऐकत होती. मग म्हणाली, "लिवलास बरा, दादा. पन मी बोललेली येक गोष्ट त्यान नाय."

"कोणती?"

"माज्या अंगनातशी घरवाल्याच्या होरीचा शीड दिसतंय. भिंत झाली का दिसाचा नाय."

"बाई, शीड दिसणे हा मुद्दा होत नाही. बोंबील वाळणे हा होतो."

"बोंबील काय, जावेच्या अंगनान पन वालतील." ती हसली. "बरा, तू शिकलेला मानूस. सरकारला काय लागतंय ता तुलाच ठावं."

तिने बोरूस हात लावला, मी बांगडी काढली, वाळू टाकली, आणि पुढच्या माणसास बोलाविले.

फाल्गुनात शिरस्तेदारांनी मला ओसरीवर बसवून घेतले. "पाडवा आला. खोल्या ठेवता की सोडता, पुढच्या आठवड्यात सांगा. एक बिऱ्हाड विचारतंय. मला काय, तुमची मंडळी राहिली तर बरंच वाटेल. पण तळ्यात आणि मळ्यात असं किती दिवस चालवणार?"

माझा निर्णय झालेला होता. मुंबईत माझी बैठक, मुंबईत माझे नाव. तिकडे माडीवरची एक खोली पाहून ठेवली होती, तीत धूर कमी येई. दोन चुली, दोन बिऱ्हाडे, आठवड्यातून एक दिवस संसार, हे कायमचे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कुटुंबास हे सर्व क्रमवार सांगितले. ती समोर तांदूळ निवडीत बसली होती. मी बोलून थांबलो तरी तिची बोटे चालूच होती.

"मग पाडव्याला निघायचं," ती म्हणाली.

"निघायचं. तुला काही म्हणायचं आहे का?"

"म्हणायचं आहे. पण तुमच्यापुढे म्हणायचं म्हणजे मुद्द्यांनी म्हणावं लागतं. ते मला येत नाही."

"माझ्याकडे येणाऱ्या एकालाही ते येत नाही. त्यासाठीच मी बसलेला असतो. तू नुसतं बोल, मी लिहितो. तुझी बाजू काय आहे ती कागदावर येऊ दे. वाजवी असेल तर मी विचार करीन."

हे मी थट्टेने बोललो नव्हतो. कागदावर आल्यावाचून कोणत्याही गोष्टीचे खरे वजन कळत नाही, असा माझा अनुभव आहे. मी दौत आणली, कागद घडी घालून समास पाडला, आणि ती बोलू लागली. प्रथम अडखळत, मग तांदळाकडे पाहात सावकाश. बाहेर आंब्याला मोहोर आला होता आणि त्याचा वास आत येऊन शाईच्या वासात मिसळत होता. ती बराच वेळ बोलली. त्यातले जे मुद्द्यात बसे ते मी घेतले, आणि जे बसेना ते सवयीने बाजूस ठेविले.

अर्ज उत्तम झाला. आजही मला त्याचा अभिमान आहे. "अर्जदारीण सविनय निवेदन करिते, की ठाणे येथील हवा अर्जदारणीच्या प्रकृतीस मानवली असून," असा आरंभ करून कलम एकमध्ये हवा, दोनमध्ये विहिरीचे पाणी, तीनमध्ये ताजी भाजी, चारमध्ये शेजाऱ्यांची सोबत, पाचमध्ये सणवाराची सोय, सहामध्ये रेल्वेच्या योगाने दोन्ही शहरांमधील अंतर जवळजवळ नाहीसे झाल्याची बाब, आणि सातव्या कलमात, "सबब मायबाप सरकारांनी कृपाळू होऊन" अशी अखेरची विनंती. मी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखविला. वाचता वाचता मला स्वतःलाच तो पटू लागला होता.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. "कोणाचा आहे?"

"कोणाचा म्हणजे? तुझा."

"मला भाजीचं एवढं वाटतं, हे मला माहीत नव्हतं."

"तूच म्हणालीस, इथे माठ ताजा मिळतो."

"म्हणाले असेन. बोलण्याच्या ओघात माणूस पुष्कळ म्हणतं."

मी बोरू तिच्यापुढे धरला. तिने हात पदराखाली घेतला.

"मी हात लावणार नाही."

इतक्या वर्षांच्या धंद्यात असे माझ्यासमोर कधी घडले नव्हते. माणसे कुरकुर करीत, शंका काढीत, पण बोरूस हात लावीत. त्या कोळणीनेही लावला होता. मला राग आला नाही. पायाखालची एक पायरी आहे असे धरून पाऊल टाकावे आणि तेथे पायरी नसावी, तसे काहीसे झाले.

"मग तुझं काय राहिलं आहे?" मी विचारले.

"जे मी पहिल्यानं सांगितलं, ते."

"पहिल्यानं काय सांगितलंस?"

"बघा, विसरलातसुद्धा." ती तांदळातला खडा काढून बाजूला ठेवीत म्हणाली, "चाळीत तुम्ही दार वाजवायचात, आणि मी आतून विचारायची, कोण? चाळीस बिऱ्हाडांची पावलं बाहेर. त्यांत तुमची कोणती, हे मला कधी कळलं नाही. बावीस वर्षं मी आपल्याच माणसाला कोण म्हणून विचारलं. इथे विचारावं लागत नाही. तुम्ही तळ्याच्या वळणावर आलात की मला कळतं. डाव्या पायाचा जोडा जरा घासत येता तुम्ही."

बाहेर तुरुंगाचे चार ठोके पडले. मी ते ऐकत राहिलो. शेवटचा ठोका पाण्यावर बराच वेळ राहिला, आणि त्या अवधीत मला वरळीचे एक अंगण दिसले, जे मी कधी पाहिले नव्हते. समोर सगळा दर्या, त्याच्या टोकाशी एक बारीक पांढरे शीड, आणि ते कोणाचे आहे हे एका बाईस ठाऊक. मी ते अर्जातून काढून टाकले होते. मुद्दा होत नाही म्हणून.

मी नवा कागद घेतला. समास पाडला नाही, मायना घातला नाही. तिने सांगितले होते तसेच, तिच्याच शब्दांत, एवढेच लिहिले: "इथे मला तुमची पावलं ओळखू येतात." लिहिताना हात अवघडल्यासारखा झाला, कारण असले वाक्य लिहिण्याचा त्याला सराव नव्हता. मग नियमाप्रमाणे वाचून दाखविले.

"समजला?"

"समजला."

"कबूल?"

तिने बोरूस हात लावला. मी तिच्या नावापुढे बांगडी काढली. आजवर मी किती बांगड्या काढल्या असतील त्याची गणती नाही. हातास न विचारता त्या गोल निघत. ही मात्र पुरी मिटली नाही, एका बाजूस थोडी उघडी राहिली. मी ती तशीच ठेविली.

"आता हुकूम द्या," ती म्हणाली.

येथे माझ्या ध्यानात आले, की हुकूम मी जन्मात कधी लिहिलेला नाही. माझा सारा धंदा मागण्याचा. देणारे आत बसतात, भिंतीपलीकडे. "मंजूर" हा शब्द मी परत आलेल्या कागदांवर तांबड्या शाईत अनेकदा वाचला होता, पण माझ्या बोरूतून तो एकदाही उतरला नव्हता. काडीने खूप जुने जळमट काढावे तसा मी तो अर्जाच्या खाली काढला. अक्षर माझे वाटेना.

"काय लिहिलंत? वाचून दाखवा."

"मंजूर."

"एवढंच?"

"एवढंच असतं."

ती थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहात राहिली, वाचता येत नसताही. मग तांदळाचे सूप उचलून आत गेली, आणि आतून विहिरीवर निघालेल्या शिरस्तेदारीणबाईंना हाक मारून म्हणाली, "थांबा हो, मीपण येते."

आता माझा मूळ विषय पुरा करतो. राहण्याचे शहर म्हणून मुंबई ठाण्यापेक्षा सरस आहे, हे माझे मत कायम आहे. पाणी, दिवे, व्यापार, विद्या, माणसांची ओळख, यांपैकी कोणत्याही कलमात ठाणे मुंबईची बरोबरी करणार नाही. मी फणसवाडीची खोली पाडव्याला सोडली. बैठक मुंबईतच ठेविली. आता रोज सकाळच्या गाडीने जातो आणि कोर्ट सुटताच निघतो. चौपाटीवरच्या माझ्या संध्याकाळी गेल्या, आणि त्या गेल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. दिवे लावणारा पहिल्या खांबाशी शिडी टेकीत असतो, तोच मी ट्राममध्ये बसलेला असतो. पुढचे शहर माझ्या पाठीमागे कोणीतरी आठवीत राहतो. कारकून मला कोर्टाच्या रस्त्याला भेटतात तेव्हा विचारतात, "शिक्षा किती वर्षांची झाली?" मी म्हणतो, "जन्मठेप."

त्या कोळणीच्या अर्जाचे काय झाले, मला ठाऊक नाही. अर्जनवीसास निकाल कळत नसतो. माझ्या लिहिण्याच्या रीतीतही फार बदल झालेला नाही. कलमे मी आजही तशीच घालतो. फक्त वाचून दाखविल्यावर मी आता विचारतो, "काही राहिलं का?" पुष्कळजण नाही म्हणतात.

गेल्या महिन्यात चांभाराने माझा जोडा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "डावा पार झिजलाय, साहेब. नवा जोड घ्या." मी त्याला नुसता तळ लावावयास सांगितले, आणि टाच होती तशीच राहू द्यावयास सांगितले. त्या संध्याकाळी गाडी उशिरा आली. तळ्यावर उजेड अजून थोडा शिल्लक होता, कमळाची पाने काळी पडत चालली होती, आणि माझ्या मनात धाकधूक होती, की नव्या तळामुळे पाऊल बदलले असेल. वळणावर आल्यावर मी चाल मुद्दाम बदलली नाही. नेहमीसारखा चालत राहिलो. दार उघडे होते.